पारमायची सावली अन् सुकवारोचं पाणी

त्या दिवशी पारीवर कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायले नको का बुढीनं मनानं रचलं. मी होती. सुकवारो होती, तलावाच्या पाण्याच्या एकदम शेवटच्या टोकाले जिच्या दोन बांध्या, म्हणजे धानाच्या वावराचे लहान तुकडे, आहेत ती. माझ्या देराचा पोरगा लेखराम होता. त्याचा ट्रॅक्टर चालवणारा मोरेश्वर होता, हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन. धुऱ्यावरचं गवत कापायले निघालेल्या पाच-सहा बाया होत्या, त्या विळे घेऊन तिथंच थांबल्या. माझा लेक दिनेश मागून आला, कुडव्याहून गाडीनं. अन् पारमाय होती. तिचं नाव शेवटी घेतलं, पण ती आमच्या सगळ्यांच्या आधीपासून तिथं उभी आहे.

मी दुसरीपर्यंत शिकली. मी सांगून राहिली अन् माझी नात लिहून राहिली. ती मधात मधात म्हणते, आजी, असं नाही लिहीत. मी म्हणते, जसं निघते तसं लिही.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडं, जंगलाले लागून. गावाले एक जुना तलाव आहे. त्याचा मातीचा बांध, त्याले आम्ही पार म्हणतो. पारीच्या मधोमध तुडूम आहे, म्हणजे पाणी सोडायचं दार. आधी लाकडाचं होतं, आता लोखंडी आहे, वर चाक फिरवलं का उघडते. तुडुमाच्या बाजूले पारमाय. कमरेएवढा उभा गोटा. नाक नाही, डोळे नाही, नुसता शेंदूर. अन् तिच्या पायाशी जमिनीत गाडलेले सात लहान गोटे, अर्ध्या गोलात. नवीन माणसाले वाटते शोभेसाठी लावले. ते शोभेचे नाहीत, तो आमच्या गावचा कायदा आहे. मायची सावली ठरलेल्या गोट्यावर पोचली का एकाची पाळी संपली अन् दुसऱ्याची लागली; तलाव भरला असला का एकेकाले दोन गोटे, पाणी तुडुमाच्या पायरीखाली गेलं का एकच. खालच्या टोकाच्या बांधीले पाणी आधी, मग वर वर येत शेवटी तुडुमाजवळच्याले. सावली पाहायले जो माणूस बसते तो पुढच्या पाळीवाल्याचा असते, आपला नाही. त्याले घाई असते, म्हणून तो उशीर होऊ देत नाही. अन् मायवर हात ठेवून बसलेला असते, म्हणून लवकरही सांगू शकत नाही. अन् ढग आला, सावलीच मिटली, तर पाळी बदलत नाही. पाणी ज्याच्याकडे चाललं आहे त्याच्याचकडे चालत राहते, सावली परत निघेपर्यंत. मी एकदा माझ्या बुढ्याले विचारलं होतं, हे असं काऊन? तो म्हणे, "मग ढगाची तक्रार तू कोणाजवळ करशीन?"

माझा बुढा गावचा पाणकर होता. जन्मभर पाणी वाटलं. तो गेल्यावर लोक म्हणाले, बाईनं तुडुमाले हात लावू नये, मायले शेंदूर लावू नये. मी ऐकून घेतलं अन् दुसऱ्या दिवशी जाऊन दोन्ही केलं. काही झालं नाही. मी जिती आहे.

पण मग लेखराम मोठा झाला. त्याची जमीन तुडुमाजवळच, सगळ्यात वर. म्हणजे त्याची पाळी शेवटची. त्याले ते सोसलं नाही. एका वर्षी त्यानं तलावात पाणी ओढायची इंजिनं टाकली, तुडुमाच्या चाकाले साखळी घालून स्वतःचं कुलूप लावलं. एकानं तोंड उघडलं तर त्याच्या उभ्या धानातून ट्रॅक्टर फिरवला, दिवसाढवळ्या, सगळे पाहून राहिले असताना. मी तालुक्याले दोनदा गेली. एका साहेबानं बसवलं, एकानं उभंच ठेवलं. दोघंही म्हणाले, पाहतो. पोलिसवाला म्हणे, "आजी, ये तो घर का मामला है, काकू-पुतण्यात मिटवून टाका." अशी तीन वर्षं गेली. आमच्या गावात माणसं होती, घरं होती, नळ होता, लाईट होती, फक्त कायदा नव्हता.

आता खरं सांगते. त्या तीन वर्षांत मी मायवर रागावली. लेखरामचं काहीच वाकडं झालं नाही. त्याचा धान सगळ्यात चांगला. नवीन ट्रॅक्टर आला, पोरीचं लग्न झालं, जेवणात दोन मिठाया होत्या. मी पारीवर जाऊन मायले म्हणे, तू गोटाच आहेस का? मग मी सात जन्माचा शेंदूर कायले लावून राहिली? त्या वर्षी पोळ्यापासून मी दिवा बंद केला, शेंदूर बंद केला. रोज तिच्यासमोरून जायची अन् पाहायची नाही. ज्यांनी देव सोडला नाही त्यांनी हे वाचून मले नावं ठेवावी. मी सोडला होता.

त्याच वर्षी हस्त कोरडा गेला. धान निसवायले आला होता, म्हणजे कणीस पोटातून बाहेर निघायची वेळ. त्या वेळेस पाणी नसलं तर कणीस निघते पण दाणा भरत नाही, सारं फोल. सुकवारो सकाळीच माझ्या दारात आली. तिचा माणूस जंगलात झाड पडून मेला, त्याले बरेच दिवस झाले. उन्हाळ्यात ती मोहफुलं वेचते, तेंदूची पानं तोडते, पण ताटातला भात त्या दोन बांध्यांतूनच येते. वर्षाचा भात. ती रडली नाही. म्हणे, "बाई, माझा धान आजचा दिवस पाहीन, उद्याचा नाही. पारमाय मेली का वो?"

मले ते लागलं. मी म्हटलं, "माय आहे का नाही मले नाही माहीत. तुडूम आहे. चाल."

दोघी गेलो. मी चाकावर जाऊन बसली. चाकावर म्हणजे खरंच चाकावर, लुगडं खोचून, पाय लोंबकळत सोडून. कुलूप माझ्या मांडीखाली. गवतवाल्या बाया थांबल्या. एकीनं विचारलं, "काय वो, आज तिथं आसन घातलं?" मी म्हटलं, "माझे गुडघे दुखतात, खुर्ची पाहिजे होती." त्या हसल्या, पण गेल्या नाहीत.

दुपारी लेखराम आला ट्रॅक्टरवर. मोरेश्वर चालवून राहिला होता. लेखराम उतरला अन् म्हणे, "मोठमाय, उतर. पडशीन."

"पडली तर तू उचलशीन."

"मले पाणी सोडायचं आहे."

"मले पण."

"कोणासाठी? तिच्या दोन डबक्यांसाठी? अरे, माझी पंचवीस एकर वाळून राहिली!"

मी म्हटलं, "लेखराम, तुझी पाळी आहे. शेवटची आहे. पाळी लागली का मी स्वतः तुझं चाक फिरवीन. तोवर मी इथून उठत नाही. उचलायचं असन तर उचल, तुझ्या बापानं माझ्या हातचं खाल्लं आहे, तुलेही मी न्हाऊ घातलं आहे, माझं वजन तुले झेपन."

बाया खी खी करून हसल्या. त्याचं तोंड लाल झालं. त्यानं मोरेश्वरले म्हटलं, "उचल बुढीले." मोरेश्वर दोन पावलं आला, सब्बल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, अन् मायसमोर येऊन थांबला. तो मायले पाहे, मले पाहे. लेखरामनं पाहिलं का हे काम असं होत नाही. तो हुशार आहे, घरातच वाढलेला आहे, मायचे सारे नेम त्याले तोंडपाठ. मग तो हसला. म्हणे, "बरं. तुझ्या मायच्या कायद्यानंच होऊ दे. सगळ्यांसमोर. पाणी पायरीखाली गेलं का एकेकाले एकच गोटा, बरोबर? सुकवारोले एक गोटा. मग वरचे कोणी मागणार नाहीत, मी पाहून घेतो. मग माझी पाळी. अन् पुढच्या पाळीवाल्याचा माणूस सावली पाहते ना? मोरेश्वर पाहीन."

हा कावा होता, सगळ्यांले समजला. त्याच्याच इंजिनांनी पाणी पायरीखाली गेलं होतं. अन् सुकवारोपर्यंत जाणारा पाट तीन वर्षं कोरडा पडून भेगाळला होता. एका गोट्याचं पाणी तर तो पाटच पिऊन टाकन, बांधीपर्यंत थेंब पोचणार नाही. सुकवारो माझ्या जवळ आली अन् हळूच म्हणे, "बाई, तुम्ही थोडं हातानं जास्त द्या ना. तुमच्या हातात चाक आहे. सावली कोण पाहते एवढी बारीक?"

हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही. मले द्यायचं होतं. द्यायले हात शिवशिवून राहिला होता. पण मी म्हटलं, "नाही. आज तुझ्यासाठी खोटी सावली पाहीन, तर उद्या त्याच्यासाठी खोटी पाहणाऱ्याले मी कोणत्या तोंडानं अडवीन?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं का मले वाटलं लेखरामपेक्षा मीच तिची वैरी. मग ती फावडं घेऊन पाटात उतरली, भेगा बुजवायले. गवतवाल्या बाया तिच्या मागं उतरल्या. त्यांच्याजवळ विळे होते, फावडी नव्हती, तर त्यांनी हातानं माती ओढली, पायानं दाबली.

लेखरामनं कुलूप काढलं. मोरेश्वरनं मायवर हात ठेवला. मी म्हटलं, "बोल, सावली दिसन तेच सांगीन." तो बोलला, पण तोंडातल्या तोंडात. मग त्यालेच मी म्हटलं, चाक फिरव, माझ्यात तेवढा जोर नाही. पाणी सुटलं. दुपार कलली होती, ऊन नुसतं टोचून राहिलं होतं, आभाळ धुतल्यासारखं.

मी मायसमोर बसली. पोळ्यानंतर पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. हात नाही जोडले. मी मनात म्हटलं, पाहा, मी तुझा नेम पाळला. माझ्या मनाविरुद्ध पाळला, गरिबाच्या तोंडचं काढून पाळला. आता यापुढं माझ्या हातात काही नाही. तुले काही करायचं असन तर कर, नसन तर नको करू, मी तरी खोटं करणार नाही. मी भीक नव्हती मागत. मी तिले सांगून राहिली होती. पण सांगता सांगता माझ्या आतलं काहीतरी ढिलं पडलं. तीन वर्षं जी मूठ मी आवळून धरली होती ती सुटली. मले एकदम थकल्यासारखं वाटलं अन् बरंही वाटलं.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. उजव्याचं ऑपरेशन बाकी आहे, डाव्याचं झालं तरी धूसरच दिसते. सावलीची कड मले दिसत नव्हती, नुसता उजेड अन् अंधार समजे. बराच वेळ गेला. पाटातून बायांचा आवाज येऊन राहिला, "अजून नाही वो, अजून मोहाच्या झाडापाशीच आहे!" म्हणजे पाणी अर्ध्यातच. मग माझ्यासमोरचा उजेड एकदम मंद झाला. गोट्यांवर काळं आलं. मले वाटलं, आली सावली गोट्यावर. झालं. संपली पाळी. मी गुडघ्यावर हात ठेवून उठली अन् चाकाजवळ गेली, दोन्ही हातांनी पकडलं. जोर नव्हता तरी नेम आपणच पुरा करायचा म्हणून फिरवायले लागली. लेखराम बाजूलेच उभा होता. त्याले दिसून राहिलं होतं, तो डोळ्यांनी चांगला आहे. तो गप राहिला.

तेवढ्यात मोरेश्वर बोलला.

"थांबा माय. अजून बोटभर आहे. अन् आता सावलीच नाही."

मी हात काढला. वर पाहिलं तर ढग. एकच. पावसाचा नाही, पांढुरका, मळकट चादरीसारखा. कुठून आला कोणी पाहिला नाही, सगळे पाटाकडे पाहून राहिले होते. सूर्य त्याच्या मागं, अन् मायच्या पायाशी एका रंगाची जमीन. सावली नाही तर पाळी बदलत नाही.

लेखराम मोरेश्वरवर धावला. "तू कोणाचं खातं बे? गप बसता येत नव्हतं?" मोरेश्वर काळा ठिक्कर पडला. त्याले नोकरी होती, घरी लेकरं होती. तो म्हणे, "शेठ, मी हात ठेवून बोललो होतो." एवढंच. लेखरामनं खिशातून मोबाईल काढला, म्हणे, "घड्याळानं चालू द्या आता! किती वेळ झाला ते यात दिसते." मी म्हटलं, "तुझं घड्याळ तुझ्या घरी चालव. मघाशी कायदा कोणी मागितला होता? तूच ना?" तो चाकाकडे वळला, स्वतः बंद करायले. मी परत चाकावर बसायले निघाली, पण या वेळेस मले चढता आलं नाही अन् मी खालीच बसली.

तेव्हा दिनेश आला. त्याले कोणी फोन केला होता, का तुझी माय तुडुमावर चढली. गाडी पारीवरच टाकून धावत आला. मले वाटलं, आता हा मलेच शिव्या घालन. नेहमी म्हणे, "छोड ना माय, तुले काय करायचं आहे गावाचं?" आल्या आल्या तो मले म्हणे, "पागल झालीस का?" मग त्यानं लेखरामले पाहिलं, मोरेश्वरले पाहिलं, वर ढगाले पाहिलं. त्याच्या बापानं त्याले लहानपणी या गोट्यांपाशीच गिनती शिकवली होती. तो चाकाजवळ गेला अन् चाकाले पाठ लावून बसला. मोरेश्वरनं सब्बल खाली ठेवली अन् दुसऱ्या बाजूनं तोही बसला. मग चिखलानं भरलेल्या दोन बाया वर आल्या, त्याही बसल्या. एक म्हणे, "सरक ना रे बाबू, आम्हाले पण जागा दे." लेखरामनं मोबाईल खिशात टाकला. मग ट्रॅक्टर स्वतः चालवत निघून गेला.

ढग हलला नाही. मी पाहून राहिली होती, माझ्या धुरकट डोळ्यांनी का होईना. दिवस बुडेपर्यंत तो तिथंच होता, एक थेंब पडला नाही. सूर्य टेकायच्या बऱ्याच आधी खालून सुकवारोचा आवाज आला. शब्द नाही समजले, नुसती हाक. पाणी लागलं होतं बांधीले. दिवस बुडला का तुडूम बंद करायचं हाही नेमच आहे, तर मी दिनेशले म्हटलं, बंद कर. दोन्ही बांध्या भरल्या होत्या. मी मायजवळ गेली, शेंदूर नव्हता, तर नुसता हात ठेवला. गोटा गरम होता, दिवसभराच्या उन्हानं. बाकी मी काही मागितलं नाही तिच्याजवळ. मले लाज वाटून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ साफ. सावली निघाली, सकाळच्या पहिल्या गोट्यावर आली, तेव्हा सुकवारोची पाळी संपली. मग मी मधल्या लोकांले निरोप पाठवले, तीन वर्षांनी पहिल्यांदा. ते भीत भीत आले अन् आपापलं पाणी घेऊन गेले. शेवटी लेखरामची पाळी लागली. तो आला नाही. मी दिनेशच्या हातून सांगून पाठवलं, तुझी पाळी आहे, सावली चालली, पाणी वाया जाऊन राहिलं. त्यानं माणूस पाठवला. मी त्याचं चाक उघडलं अन् त्याले पूर्ण एक गोटा पाणी दिलं, बोटभरही कमी नाही. गावात लोक म्हणाले, त्याले कायले दिलं? मी म्हटलं, त्याचं होतं.

लेखराम सुधरला असं मी सांगणार नाही. तो अजूनही माझ्याशी बोलत नाही, समोरून आला तर तोंड फिरवते. मोरेश्वरले त्यानं कामावरून काढलं. आता तो आमगावले एका धानाच्या गिरणीत जाते, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेऊन येते अन् सावली पाहायले बसते. गावानं त्यालेच बसवलं, मग पुढची पाळी कोणाचीही असो. तो खोटं पाहत नाही हे सगळ्यांले माहीत झालं. कुलूप परत लागलं नाही. लागलं तर मी परत चढीन, माझे गुडघे काहीही म्हणोत.

ढग कसा आला मले विचारू नका. कोणी म्हणते माय आली, कोणी म्हणते कार्तिकाच्या आधी असे ढग येतच असतात. येत असतीन. मले ढगापेक्षा मोरेश्वरच्या बोलण्याचं जास्त नवल वाटते. त्याले काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप बसायचं होतं. चूक मी करून राहिली होती, माझ्या स्वतःच्या हातानं, अन् ती अडवली कोणी तर ज्याचं मीठ खाते त्याले भिणाऱ्या माणसानं. मी त्याले विचारलं एकदा, बाबू, तू बोललास काऊन? तो म्हणे, "माय, मलेच नाही समजलं. तोंडातून निघून गेलं." मी त्या दिवशी नेम पाळला, पण माझे डोळे त्या नेमाले पुरले नाहीत. तिथं कोणीतरी दुसऱ्यानं पाहिलं. म्हणून आता मी मायपाशी दिवा लावते. तिनं माझं ऐकलं म्हणून नाही. माझ्या हातून जे सुटते ते तिच्याजवळ सोडता येते म्हणून. पण जेवढं माझ्या हातात आहे तेवढं मी सोडत नाही, अन् सोडायचंही नाही.

वाचणाऱ्याले एकच मागणं आहे. तुमच्या गावी पाण्याचा, चराईचा, वाटेचा काही जुना नेम असन अन् तो कोण्या म्हाताऱ्या माणसाले माहीत असन, तर तो माणूस जिता आहे तोवर त्याच्यापाशी जाऊन बसा अन् सारं विचारून घ्या.